दुखत नाही, मग औषध कशाला?

कावीळ म्हटलं की आपल्याकडे सगळ्या बायका डॉक्टर होतात. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना उडाली, की झालं निदान. मग तेल-तूप बंद, उसाचा रस, मुळ्याची भाजी, ताक-भात आणि शेजारच्या गावातला कुणीतरी ‘उतरवणारा’. तोही हमखास सापडतोच. चुन्याच्या पाण्यात रुग्णाचे हात धुतात, पाणी पिवळंधमक होतं आणि घरचे समाधानानं मान डोलावतात. ‘बघा, कशी निघाली!’ अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते हाच प्रयोग निरोगी माणसावर करून दाखवतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, त्याची आणि चुन्याची ती करामत.

पण गंमत अशी, की उतरवलेली माणसं खरोखर बरी होतात. आणि तिथंच सगळा घोटाळा आहे! पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा ‘ए’ किंवा ‘ई’ प्रकारची असते. ती काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. (अपवाद गरोदर बाईचा. तिला ‘ई’ झाली तर जिवावर बेतू शकतं, तिनं एक दिवसही वाट पाहू नये.) म्हणजे रोग आपल्या पायांनी जातो आणि श्रेय चुन्याला मिळतं. त्या श्रेयावर विसंबून आपण दुसऱ्या दोन काविळींनाही तसंच वागवतो. त्या म्हणजे ‘बी’ आणि ‘सी’. या रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षं शरीरात मुक्काम ठोकू शकतात. ‘सी’ची तर आणखी एक खोड. तिच्यात बहुतेकदा डोळे पिवळे होतच नाहीत. उतरवायचं तरी काय?

हे सगळं मला काही पुस्तकातून कळलेलं नाही. मी आर्ट्सची, विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. बचत गटाच्या बैठका, महिलांच्या आरोग्य शिबिरांची धावपळ यातून जे कानावर पडलं तेवढंच. पण गेल्या वर्षी माझ्या मोठ्या वन्संच्या, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आक्कांच्या बाबतीत हा विषय घरात आला आणि मग मी विचारत सुटले.

आक्का वैजापूर तालुक्यातल्या. वय बावन्न. शेतात राबणारं शरीर, त्यामुळे आजारपण ठाऊक नाही. पाच-सहा वर्षांपासून साखरेची एक गोळी चालू, तेवढीच. पित्ताशयात खडे निघाले म्हणून ऑपरेशन ठरलं आणि ऑपरेशनच्या आधीच्या रक्त तपासणीत एका ओळीपुढे लिहून आलं, ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’. तिथल्या माणसानं कागद हातात दिला आणि सांगितलं, “आधी याचं बघा, मग ऑपरेशनचं बोलू.” याचं म्हणजे कशाचं, ते सांगायला त्याला सवड नव्हती. दाजींनी कागदाची चार घड्यांची पुडी केली, खिशात घातली आणि दोघं संध्याकाळच्या एसटीनं आमच्याकडे आले.

त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. आक्कांच्या डोक्यात एकच, ‘एचसीव्ही’ म्हणजे ‘एचआयव्ही’च. अक्षरं तशी सारखीच दिसतात. मी त्यांना दहा वेळा सांगितलं की तो रोग वेगळा, हा वेगळा. पण बाईमाणसाच्या मनात अशी शंका शिरली की तिच्या आधी तिची अब्रू घाबरते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की हा कागद म्हणजे रोगाचा दाखला नव्हे. या तपासणीत विषाणू दिसत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. म्हणजे चोर घरात येऊन गेला होता एवढं कळतं. अजून घरात आहे की निघून गेला, हे कळायला दुसरी तपासणी लागते, ‘एचसीव्ही आरएनए’, जिला व्हायरल लोड म्हणतात. साधारण शंभरातल्या तीस जणांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधावाचून निघून जातो. त्यांना कसल्याच उपचाराची गरज नसते. उरलेल्या सत्तर जणांच्या शरीरात तो ठाण मांडतो. मैत्रिणींनो, तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कागदावर ही ओळ आली तर ही दुसरी तपासणी झाल्याशिवाय रडूही नका आणि निवांतही बसू नका.

आक्कांचा दुसरा अहवाल आला. विषाणू होता.

“पण आला कुठून?” हा दाजींचा प्रश्न. त्यात थोडा संशयही होता, मला तो आवडला नाही. डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं, “कधी रक्त चढवलं होतं?” चढवलं होतं. १९९८ मध्ये धाकटीच्या वेळी सिझर झालं, रक्त फार गेलं आणि दोन बाटल्या रक्त देऊन आक्कांना वाचवलं. त्या काळी रक्तपेढीत ‘सी’ची तपासणी सरसकट होत नव्हती. आपल्या देशात ती सक्तीची होऊन अमलात यायला २००१-०२ साल उजाडलं. मुळात या विषाणूचा शोधच १९८९ मधला. त्याआधी डॉक्टर त्याला ‘ए पण नव्हे, बी पण नव्हे’ अशा नावानं ओळखत. हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना त्या कामासाठी २०२० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे ज्या रक्तानं आक्कांचा जीव वाचला त्यातूनच हा पाहुणा आला असावा, आणि त्यात ना रक्त देणाऱ्याचा दोष, ना आक्कांचा. अमिताभ बच्चन यांची गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक असेल. १९८२ मध्ये ‘कुली’च्या अपघातानंतर त्यांना मिळालेल्या रक्तातून त्यांना ‘बी’ची बाधा झाली आणि कळलं पुष्कळ वर्षांनी, तोवर यकृताचा मोठा भाग गेला होता. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय.

रक्त चढवणं हा एक रस्ता झाला. दुसरे रस्ते आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. ‘सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणून गावच्या डॉक्टरकडून साध्या तापालाही इंजेक्शन मागून घेणं. एकच सुई अनेकांना. जत्रेतलं गोंदण, एकाच सुईनं नाक-कान टोचणं, न्हाव्याकडचं जुनं पातं, डायलिसिस. यातला कुठला रस्ता कुणाच्या वाट्याला आला हे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

जी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली ती सांगते. आक्का गावी परतल्या आणि सुनेनं त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला. सून वाईट नाही हो! घाबरली होती, घरात दीड वर्षाचं लेकरू. आक्कांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण नातवाला जवळ घेणं स्वतःहून बंद केलं. मी वैजापूरला गेले तेव्हा ते लेकरू आजीकडे हात करत होतं आणि आजी पदर सावरून आत निघून जात होती. मी सुनेला समोर बसवलं. हा विषाणू जेवणातून, पाण्यातून, एका ताटात खाण्यातून, मुका घेण्यातून, खोकल्यातून जात नाही. रक्ताला रक्त लागलं तरच. म्हणून वेगळं ठेवायचं काय, तर दात घासायचा ब्रश, दाढीचं पातं, नखं कापायचं नेलकटर. जखम झाली तर पट्टी बांधायची. बस्स. नवरा-बायकोच्या संबंधातून जायची शक्यता फारच कमी आणि आईकडून बाळाला जायची शंभरात साधारण पाच-सहा. त्या संध्याकाळी तांब्या परत मांडणीवर आला.

आता मुख्य मुद्द्याकडे. औषध घ्यायचं की नाही?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? रोग आहे, औषध आहे, घ्यायचं. पण आक्कांच्या जागी बसून बघा. त्यांना काहीही होत नव्हतं! ताप नाही, पोट दुखत नाही, थकवा म्हणाल तर बावन्न वर्षांच्या शेतकरणीला थकवा नसतो असा दिवस कुठला? “दुखत नाही, मग औषध कशाला? गोळ्यांनीच दुखायला लागलं तर?” हा त्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. आपण बायका तर दुखत असतानाही दवाखाना टाळतो. दुखत नसताना कोण जाणार?

डॉक्टरीणबाईंनी दिलेलं उत्तर मला पटलं, कारण त्यात भीती घालणं नव्हतं. यकृत हा सोशिक अवयव आहे, त्या म्हणाल्या. सुजतं, बरं होतं, पुन्हा सुजतं आणि प्रत्येक वेळी थोडा व्रण मागे राहतो. व्रणांवर व्रण साचले की यकृत दगडासारखं कडक होतं, त्याला सिऱ्होसिस म्हणतात. ज्यांच्या शरीरात ‘सी’ मुक्कामाला आहे त्यांच्यापैकी शंभरात पंधरा ते तीस जणांना वीस वर्षांच्या आत सिऱ्होसिस होण्याची शक्यता असते. पुढे पोटात पाणी, रक्ताची उलटी, काहींना यकृताचा कर्करोग. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे सत्तरएक जणांना काही होतही नाही? “बरोबर,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या वन्सं कुठल्या गटात आहेत हे मला आज सांगता येत नाही. आणि ज्या दिवशी सांगता येईल त्या दिवशी उशीर झालेला असेल.”

आक्कांचं रक्त आणि प्लेटलेट, वय, सोनोग्राफी यांवरून त्यांनी हिशेब मांडला. यकृतावर व्रण सुरू झाले होते, सिऱ्होसिस नव्हता. सत्तावीस वर्षं विषाणू घरात राहून एवढंच झालं, हे नशीबच म्हणायचं. पण साखरेचा आजार जोडीला असला की व्रण लवकर वाढतात, हेही त्यांनी सांगितलं.

दाजींचा विरोध वेगळ्या कारणानं होता. त्यांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी २००६ च्या सुमारास याच आजारावर इंजेक्शनं घेतली होती. दर आठवड्याला एक, सहा महिने. सोबत गोळ्या. इंजेक्शन घेतलं की रात्रभर ताप, अंग मोडून यायचं. केस गळाले, रक्त कमी झालं, माणूस रडवेला झाला, कुणाशी बोलेना. खर्च लाखांत गेला, शेताचा तुकडा विकला. आणि एवढं करून विषाणू गेला नाहीच. “आमची बाई आज कामाची आहे, तिला मी माझ्या हातानं आजारी पाडू?” दाजी म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, पण हे ऐकल्यावर गेला. ते खोटं बोलत नव्हते. इंटरफेरॉन नावाची ती इंजेक्शनं तशीच होती. विषाणूच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, गुण येण्याची खात्री निम्म्यापासून तीन चतुर्थांशापर्यंतच. त्या काळी ‘थांबू या, बघू या’ म्हणणारे रुग्ण आणि डॉक्टर शहाणेच होते. फक्त तो काळ आता संपला, हे दाजींपर्यंत पोचलं नव्हतं.

२०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. ज्या रसायनशास्त्रज्ञानं ती शोधली त्याचं आडनाव सोफिया, त्यावरून हे नाव. मला आधी कुणा बाईचं नाव वाटलं होतं! रोज एक गोळी, जोडीला दुसरं औषध, आणि बारा आठवड्यांत बहुतेकांचा विषाणू जातो. किंमत मात्र तिकडे एका गोळीला एक हजार डॉलर. बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे पन्नास लाख रुपयांहून जास्त. मग २०१४ मध्ये त्या कंपनीनं भारतातल्या सात औषध कंपन्यांना ही गोळी बनवायची परवानगी दिली आणि २०१५ मध्ये आपल्याकडे २८ गोळ्यांची बाटली वीस हजारांच्या आसपास मिळू लागली. पुढे किमती आणखी खाली आल्या. पंजाबात या आजाराचं प्रमाण मोठं, तिथल्या सरकारनं २०१६ मध्ये हे औषध मोफत द्यायला सुरुवात केली आणि दहातल्या नऊहून अधिक रुग्णांचा विषाणू गेला. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात सरकारी उपचार केंद्रांवर तपासणी आणि औषध, दोन्ही मोफत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात ‘सी’चे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. यातल्या किती जणींना हे माहीत असेल?

मोफत म्हटल्यावर आक्कांच्या कपाळावर आठी. “फुकटचं म्हणजे हलकंच असणार.” हे वाक्य मी शिबिरांत इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. मी त्यांना इजिप्तची गोष्ट सांगितली. तिथं नाईल नदीकाठी पाण्यातल्या जंतांचा एक रोग होता. तो घालवायला १९५०च्या दशकापासून तीसएक वर्षं सरकारनं गावोगाव इंजेक्शनं दिली. सुया नीट उकळल्या गेल्या नाहीत आणि त्यातून लाखो लोकांना ‘सी’ झाला. म्हणजे बरं करायला निघाले आणि हे होऊन बसलं. त्याच देशानं २०१८-१९ मध्ये पाच कोटींच्या आसपास लोकांची तपासणी केली, ज्यांना लागेल त्यांना सरकारी खर्चानं याच गोळ्या दिल्या आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांची पाठ थोपटली. आक्का म्हणाल्या, “एवढ्या लोकांनी खाल्ल्या?” हा त्यांच्यावर झालेला पहिला परिणाम.

मध्येच पुडीवाला आला. येणारच होता. लासूरच्या बाजारात कुणी एक जण ‘लिव्हरची पुडी’ देतो, तीन महिन्यांत मुळासकट, असं शेजारणीनं सांगितलं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या घरी सुंठ-ओव्याशिवाय पान हलत नाही. पण त्या पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नव्हता. यकृत आधीच दुखावलेलं असताना कुठल्याही पाल्याचा काढा उगाच नको, एवढं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. २०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांत, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ते निष्कर्ष मानले नाहीत. तो वाद जाणकारांनी घालावा. आपल्यापुरतं इतकंच, की जे काही घेत असाल ते, काढा, चूर्ण, पुडी, सगळं डॉक्टरांना सांगायचं. लाजायचं नाही.

सांगायच्या गोष्टी आणखीही आहेत. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांनी आक्कांना बरंच विचारलं. ‘बी’ची कावीळ आहे का? कारण ती अंगात दबून असेल तर ‘सी’ जाताना ‘बी’ उसळू शकते, म्हणून तिची तपासणी आधी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू आहे का? फिट येतात म्हणून फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन? क्षयाच्या गोळ्या, म्हणजे रिफाम्पिसिन? यांच्यासोबत ही औषधं जमत नाहीत, काहींचं काम फुकट जातं, काहींचा धोका. ज्यांना सिऱ्होसिस आहे त्यांना वेलपाटासव्हिर हे जोडऔषध देतात, त्याच्यासोबत ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. आणि बाईला दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असेल तर साधारणपणे थांबायला सांगतात, बाळंतपण आणि पाजणं उरकल्यावर उपचार. मूल व्हायचं मनात असेल तर आधी उपचार उरकून घेतलेला बरा. म्हणजे ‘आत्ता नको’ हे उत्तरही कधी कधी डॉक्टरांचंच असतं. मात्र ते त्यांनी द्यायचं.

आक्कांसमोर यातली एकही अडचण नव्हती. तरी दोन महिने गेले. आधी कापूस वेचणी, मग धाकटीला बघायला पाहुणे येणार. “आई गोळ्या खाते, हे त्यांच्या कानावर गेलं तर?” खरं सांगते, या एका वाक्यापुढे माझं सगळं शहाणपण थिटं पडलं. लग्नाच्या बाजारात मुलीच्या आईचा आजारसुद्धा मोजला जातो, हे मी नाकारू कशी? शेवटी धाकटीच बोलली. डी.एड. झालेली पोर, एरवी आईपुढे तोंड न उघडणारी. म्हणाली, “माझ्या जन्माच्या वेळी लागलंय ना तुला? मग मला बघायला येणाऱ्यांपायी तू ते ठेवून घेणार का?” घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही केंद्रावर गेलो. आक्कांनी डॉक्टरांना विचारलं, “नाही घेतलं तर किती वर्षं?” ते म्हणाले, “सांगता येत नाही. दहाही, तीसही.” “आणि घेतलं तर?” “चौऱ्याऐंशी दिवस.” आक्कांनी मनाशी हिशेब केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे बाजरीइतकेच की गं.” पेरल्यापासून कापणीपर्यंत बाजरीला तेवढेच दिवस लागतात. त्यांनी कागदावर सही केली. दाजींना विचारलंसुद्धा नाही.

सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, रोज एकेक गोळी, ठरल्या वेळी. आक्कांनी वेळ ठरवली सकाळच्या चहानंतरची. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, थोडं मळमळलं, झोप उडाली. मग काही नाही. शेतातली कामं एक दिवस बुडाली नाहीत. दुसऱ्या महिन्यात मात्र एकदा दुपारी घाम फुटून हातपाय कापायला लागले. विषाणू कमी होऊ लागला की काहींची साखर सुधारते आणि नेहमीची गोळी जास्त होते, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सुनेनं लगेच गूळ-पाणी दिलं. हो, त्याच सुनेनं! साखरेची गोळी अर्धी झाली. एकदा गोळी घ्यायची राहून गेली, ती रात्री आठवल्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे पाठ केलेलं होतं. दर महिन्याला औषध आणायला मात्र शहरात यावं लागे. एसटीचे हाल, रांग, एक रोज बुडणं. औषध मोफत असलं तरी तिथवर पोचणं मोफत नसतं. आक्कांना आमच्या घरचा मुक्काम होता. जिचं शहरात कुणी नाही तिनं काय करायचं?

गोळ्या संपल्या की काम संपलं असं नाही. त्यानंतर पुन्हा बारा आठवडे थांबून व्हायरल लोड करायचा आणि तेव्हा विषाणू दिसला नाही तरच बरं झालं म्हणायचं. शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास लोकांना हे उत्तर मिळतं. ही तपासणी पुष्कळ जणी टाळतात. अंगात काही दुखत नव्हतंच, आता कशाला? आक्काही टाळायच्या बेतात होत्या, दाजींनी आणलं त्यांना. अहवाल आला, ‘आढळला नाही’. दाजींनी या कागदाची पुडी केली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला.

तो कागद जपून ठेवायचं कारणही आहे. प्रतिपिंडांची ती पहिली तपासणी पुढे आयुष्यभर ‘रिॲक्टिव्ह’च येत राहते. आक्कांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी ती तशी आलीच, आणि परत तोंडं गंभीर झाली. तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीतला कागद बाहेर निघाला. रक्तदान मात्र अशा माणसाला करता येत नाही. आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, या आजाराला लसही नाही. त्यामुळे इंजेक्शनच्या वेळी नवी सुई फोडलेली डोळ्यांनी बघायची. ज्यांचं यकृत उपचाराआधीच कडक झालेलं आहे त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची असते.

आक्कांनी हे गावात कुणाला सांगितलं नाही, त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे. धाकटीची आणि मोठ्याची तपासणी मात्र करून घेतली, दोघांनाही काही नाही. मी आमच्या बचत गटात नाव न घेता विषय काढला. २००२ च्या आधी कुणाला रक्त चढवलंय का, एवढंच विचारलं. तिघींनी हात वर केले. एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन, दोघींची बाळंतपणं. तिघींनी तपासणी केली, दोघींची कोरी. तिसरीची ‘रिॲक्टिव्ह’ आली आणि ती रात्री साडेदहाला माझ्या दारात. दुसऱ्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत आठ दिवस ती रोज फोन करत होती. नवव्या दिवशी कळलं, विषाणू नाही. कधीतरी येऊन, तिला पत्ताही न लागता, निघून गेला होता. डॉक्टरांनी तिच्या फाईलवर लिहिलं, ‘औषधाची गरज नाही’. तिनं ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.